गोधडीवरचा मतदारसंघ

१

सकाळी सात वाजता हिल्डा ड्रीगरने टॅमरॅकच्या सभागृहातला दिवा लावला आणि ती दारातच थबकली. समोरची भिंत उघडी होती. काल संध्याकाळी तिथे गोधडी होती, आणि आता नुसता लाकडी दांडा उरला होता.

"अरे देवा!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला चिटपाखरू नव्हतं, तरी म्हणाली.

ही गोधडी काही पांघरायची नव्हती. दहा फूट रुंद, सहा फूट उंच, आठ आडवे आणि पाच उभे असे चाळीस चौकोन. मतदारसंघातल्या एकेका वस्तीचा एकेक चौकोन, त्यावर त्या वस्तीतल्या माणसांच्या सह्या, आणि सह्यांवरून दोऱ्याने भरतकाम. आठ महिने बायकांनी बोटं टोचून घेतली होती. आणि आज दुपारी एक वाजता, याच भिंतीसमोर, सीमा आयोगाची सुनावणी होती.

सुनावणी कशाची, तर दर दहा वर्षांनी देशाची डोकी मोजली जातात आणि मतदारसंघांच्या रेषा नव्याने ओढल्या जातात. शहरं फुगतात, आमच्यासारखे मुलूख ओस पडतात. हेरन–टॅमरॅक–एल्क लेक हा आगगाडीएवढ्या नावाचा आमचा मतदारसंघ डोक्यांच्या हिशेबात निम्माच भरला. आयोगाने मसुदा काढला: याचे तीन तुकडे करा आणि तीन शहरांच्या शेपट्यांना जोडून द्या. कायद्यात अपवादाची एक फट आहे. अंतरं फार असतील आणि माणसं खरोखर एकमेकांना धरून असतील, तर मतदारसंघ छोटा असला तरी राखता येतो. ते 'धरून असणं' कागदावर कसं दाखवायचं? म्हणून गोधडी.

हिल्डासाठी हा नुसता नकाशाचा प्रश्न नव्हता. तिचा नवरा एब मेक्सिकोतल्या मेनोनाइट पंथाच्या वस्तीत जन्मला आणि चार वर्षांचा असताना इथे आला. चाळीस वर्षं त्याने इथे गहू पिकवला, आणि एक दिवस सरकारचं पत्र आलं की तुमचं नागरिकत्व आजीआजोबांकडून आलेलं, पण त्यांचं लग्न फक्त चर्चमध्ये झालं, सरकारदरबारी नोंद नाही, सबब आपण या देशाचे नागरिक नाही. एब तेव्हा अंथरुणाला खिळला होता. टॅमरॅकच्या बाजारात, किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत, खासदाराची कचेरी होती. हिल्डा जिना चढून गेली. पाच महिन्यांनी खासदार राजधानीत, ओटावाच्या संसदेत, उभा राहिला आणि एबचं नाव घेऊन बोलला. एब नागरिक म्हणून मेला. मतदारसंघाचे तुकडे झाले की ती कचेरी बंद होणार होती, आणि पुढची कचेरी तीनशे चाळीस किलोमीटरवर. पुढच्या एबच्या बायकोने कुठला जिना चढायचा?

रडायला वेळ नव्हता. अडतीस वर्षं टपाल कचेरीची खिडकी सांभाळलेली बाई ती. हरवलेली वस्तू कशी शोधायची हे तिला ठाऊक होतं. ती भिंतीजवळ गेली. दांड्याला गोधडी वीस बंदांनी बांधलेली होती, दुहेरी गाठी मारून. एकही बंद कापलेला किंवा फाटलेला नव्हता. दांडा स्वच्छ, जागच्या जागी.

मागच्या दाराची किल्ली खिळ्याला होती. ती तिथे असते हे गावातल्या मांजरांनासुद्धा माहीत आहे. मोरीत धुतलेले दोन कप उपडे घातलेले होते. काल निघताना मोरी रिकामी होती, कारण हिल्डानेच ती पुसली होती.

ती मागच्या दारातून बाहेर आली. उणे चौतीस, नाकातला श्वास गोठला. भिंतीतल्या सॉकेटमधून नारिंगी वायर बर्फावर पसरली होती. तिच्या टोकाला तीन पिनांचा एक काळा प्लग अजून घट्ट अडकलेला होता, आणि प्लगच्या मागे वीतभर तुटलेली वायर.

हिल्डा खाली वाकून त्या तुकड्याकडे बघत राहिली.

२

"ड्रीगरबाई, इथे दक्षिणेच्या हायवेवर लाकडांचा ट्रक आडवा झालाय," फोनवर पोलिसांचा कॉर्पोरल ट्रेंब्ले ओरडत होता. "गोधडीला रक्त येतंय का? नाही ना? मग दुपारनंतर बघू."

"दुपारनंतर आमचा मतदारसंघ राहणार नाही रे बाबा!"

"मग तुम्हीच शोधा. तसंही गावातलं माझ्या आधी तुम्हालाच कळतं."

टोमणा खरा होता म्हणून हिल्डाने गिळला. संशय घ्यायचा तर पहिलं नाव आपोआप ओठांवर येत होतं. हेरनचा महापौर वॉल्टर प्रिस्टुपा. हेरन हे दक्षिणेचं गाव, आणि वॉल्टरला ते शहराच्या मतदारसंघात घालायचं होतं. शहराच्या खासदाराकडे वजन असतं, मग रस्ते होतात, असं त्याचं म्हणणं. आज तो मतदारसंघाच्या विरोधात बोलणार होता. कालच्या टर्कीच्या गावजेवणाला येऊन, दोनदा वाढून घेऊन, तो मोटेलात मुक्कामाला राहिला होता.

मोटेलाच्या खानावळीत वॉल्टर अंडी खात होता. हिल्डा समोर बसली आणि सरळ म्हणाली, "गोधडी कुठंय?"

वॉल्टरचा काटा हवेत थांबला. मग तो हसला. "गेली? खरंच? बरं झालं म्हणणार नाही, पण वाईट झालं असंही म्हणवत नाही."

"लाज नाही वाटत? काल माझ्या हातची टर्की खाल्लीस."

"टर्की फर्स्ट क्लास होती. मतदारसंघ भंगार आहे. दोन्ही खरं आहे, हिल्डा." त्याने कॉफीचा घोट घेतला. "मी साडेसहाला इथे आलो आणि मोटेलवाल्याशी पत्ते कुटत बसलो. विचार त्याला, अकरा डॉलर हरलोय. हां, नऊच्या सुमाराला सिगारेट ओढायला बाहेर आलो तेव्हा तुमच्या सभागृहात दिवा होता. मागे गाडीही उभी होती. मला वाटलं, तूच असशील. तुला कुठे घरी बसवतंय."

"कुणाची गाडी?"

"अंधारात बर्फाने माखलेली गाडी. कुणाची ते कोण ओळखणार!" मग तो जरा पुढे झुकला. "एक सांगू? ती गोधडी तशीही कच्चीच होती. चाळीस चौकोन. आयोगाच्या नकाशावर वस्त्या एकेचाळीस आहेत. मी आज तेच बोलणार होतो."

"नेहमीसारखा खुसपट काढ तू," हिल्डा उठत म्हणाली. असल्या माणसाच्या मोजणीवर कोण विश्वास ठेवणार!

बाहेर त्याचा ट्रक उभा होता. नाकातून वायर लोंबत होती, सगळ्या गाड्यांची लोंबते तशी. रात्री ती भिंतीला लावायची म्हणजे इंजिन कोमट राहतं, नाहीतर सकाळी त्याचा दगड होतो. हिल्डाने वाकून बघितलं. वायर धड होती, प्लग जागेवर. मोटेलवालाही दारातून म्हणाला की अकरा डॉलर त्यानेच जिंकले.

वॉल्टर सुटला. हिल्डाला जरा वाईटच वाटलं. चोर तो निघाला असता तर सगळं किती सोपं झालं असतं.

गाडीत बसल्यावर तिच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. गोधडी चोरायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. दहा मिनिटांसाठी या मुलखात कुणी गाडीला वायर लावत नाही, इंजिन चालूच ठेवतो. वायर लावतो तो तासन्‌तास थांबणारा. मग चोर सभागृहात एवढा वेळ बसून काय करत होता? कॉफी पीत होता, आणि तीही कुणाबरोबर तरी?

३

दुसरा संशयित लायल स्टोबार्ट. खासदाराच्या कचेरीतला सहायक, तिशीतला, नीटनेटका, बोलायला गोड. हिल्डा जिना चढून गेली तेव्हा तो सुनावणीसाठी टाय बांधत होता. टेबलावर एक पत्र उघडं होतं. अडतीस वर्षांच्या नोकरीत हिल्डाने कुणाचं पत्र वाचलं नव्हतं, पण पाकिटांवरून माणसं वाचली होती. या पत्रावर शहराच्या खासदाराची मोहोर होती.

"नोकरी मिळाली वाटतं," ती म्हणाली.

लायलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "अजून नाही. इथलं बंद झालं तर, असं लिहिलंय त्यांनी."

"म्हणजे इथलं बंद झालं तर तुझं भलंच की."

"ड्रीगरबाई!" तो ताडकन उठला. "माझ्या आईची सही आहे त्या गोधडीवर. शेवटची सही. एप्रिलमध्ये केली, मे महिन्यात गेली ती. मोहरीच्या दाण्याएवढी वाकडीतिकडी अक्षरं, पण तिने स्वतः केली. मी ती चोरेन?" त्याने ते पत्र उपडं घातलं. "अर्ज केला, हो. पोट सगळ्यांना असतं. पण माझ्याकडून नका काढू असलं."

हिल्डाने त्याचा हात धरला आणि खाली बसवलं. "चुकलं माझं. पण विचारायला हवं होतं. रात्री गाडी कुठे होती?"

"घरच्या गॅरेजमध्ये. ते गरम असतं. माझ्या गाडीला प्लगच नाही, बसवलाच नाही कधी. खाली उभी आहे, बघा."

म्हणजे हाही सुटला. हिल्डा निघाली तेव्हा लायल नाक पुसत म्हणाला, "काल जेवणाच्या वेळी ती आजी तुम्हाला भेटली ना? डोक्याला फुलांचा रुमाल, काखेत कापडाची गुंडाळी. मला विचारत होती, वस्त्यांची यादी कुणी केली म्हणून. मी म्हटलं, ड्रीगरबाईंनी, त्या आत रस्सा ढवळताहेत."

"मला कुणी नाही भेटलं. दोनशे माणसं होती रे, कोण कुठली आजी." तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेनऊ.

तिसरीकडे तिला खरं तर संशयासाठी जायचंच नव्हतं. रूना सिगुर्डसन तिची चाळीस वर्षांची मैत्रीण, गोधडीच्या कामाची मुख्य. आठ महिने टाके घालणाऱ्या बाईला आता सांगायचं कसं, हीच हिल्डाला चिंता होती. तिने मनाशी ठरवलं की आधी तिला बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग बोलायचं.

४

रूनाच्या अंगणात गाडी नव्हती. गाडी उभी करायच्या खांबाला तिची वायर वेटोळं करून टांगलेली होती, आणि वेटोळ्यावर हिमाचा पांढरा थर बसला होता. हिल्डाने ते बघितलं आणि पुढे गेली. दारात बूट काढताना तिला आणखी एक जोड दिसला. हरणाच्या कातड्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट, वर निळ्या-लाल मण्यांची फुलं, तळवे ओले. रूनाच्या पायात आजवर दुकानातल्या रबरी बुटांखेरीज काही दिसलं नव्हतं.

"ये गं, कॉफी घे," रूना म्हणाली. डोळे लाल, केस जेमतेम बांधलेले.

"रूना, आधी बस. गोधडी गेली."

रूना बसली नाही. तिने कॉफी ओतली, साखरेचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "येईल गं सापडून."

"येईल सापडून?" हिल्डाने कप खाली ठेवला. "एल्क लेकच्या चौकोनातलं बदक तू अकरा वेळा उसवलंस! मार्चमध्ये सुई हरवली तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस. आणि आता गोधडीच गेली तर म्हणतेस, येईल सापडून?"

"मग काय ऊर बडवू? सुनावणी एकला आहे. वेळ आहे अजून."

"गाडी कुठंय तुझी?"

"बिघडलीय." रूना खिडकीकडे वळली. "हिल्डा, तू थकलीयस. घरी जा, तासभर पड. तुला भाषण करायचंय."

चाळीस वर्षांत रूनाने तिला घरी जा असं कधी म्हटलं नव्हतं. हिल्डाने तिच्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अंगुस्तानाचा ताजा वळ होता, आणि डाव्या तर्जनीला तीन नव्या टोचण्या. गोधडी पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते.

 हिल्डा कॉफी अर्धी टाकून उठली. बाहेर येऊन ती गाडीत बसली. वॉल्टर चोर असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. पण रूना? का?

५

साडेअकराला ती पुन्हा सभागृहात आली. आयोगाच्या माणसांनी त्यांचा नकाशा बाजूच्या भिंतीवर लावून ठेवला होता. त्याच्यासमोर खुर्ची ओढून ती बसली आणि टपालाच्या थैल्या लावायची तसं एकेक लावत गेली.

बंद सोडवलेले, कापलेले नाहीत. त्या दुहेरी गाठी सोडवायची युक्ती फक्त बांधणाऱ्या बायकांना माहीत. गाडीला वायर लावलेली, म्हणजे बराच वेळ मुक्काम. बोटावर ताजा वळ, म्हणजे मुक्कामात शिवण. रूनाच्या घरची वायर हिमाखाली, म्हणजे तिची गाडी रात्री घरी नव्हतीच. निघताना ती इतकी घाईत होती की वायर काढायचीच विसरली, आणि तो तुटका प्लग इथे राहिला. असल्या गाडीचं इंजिन रात्रभर उघड्यावर राहिलं तर सकाळी मेलेलं असणार. म्हणजे गाडी कुठेतरी लांब अडकलीय, आणि रूनाला कुणीतरी घरी आणून सोडलंय. पायात मण्यांचे बूट घालून.

आणि कप दोन.

पूर्ण झालेल्या गोधडीत रूना काय शिवत होती? हिल्डाची नजर नकाशावर गेली. तिला वॉल्टरचे शब्द आठवले, आणि मन नको म्हणत असतानाही ती बोट ठेवून वस्त्या मोजायला लागली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. तळ्याच्या उत्तर काठावर बोट थांबलं. लून पॉइंट. लोकसंख्या दोनशे बारा.

तिने पर्समधून आपली यादी काढली. ती तिने एका दुपारी, पाठ म्हणावी तशी, न चुकता लिहिली होती. या मुलखाचं जवळजवळ सगळं टपाल टॅमरॅकमधून फुटायचं आणि वाटणीच्या कप्प्यांवर वस्त्यांची नावं होती. डोळे मिटून तिने कप्पे आठवले आणि नावं उतरवली. चाळीस कप्पे, चाळीस वस्त्या. लून पॉइंटचं टपाल तळ्याच्या पलीकडून, छोट्या विमानाने यायचं. त्या वस्तीचा कप्पाच तिच्याकडे कधी नव्हता. अडतीस वर्षांत तिथल्या एकाही माणसाच्या हातात तिने पत्र दिलं नव्हतं, म्हणून तिच्या लेखी ती वस्तीच नव्हती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. चोर शोधायला निघालेल्या बाईने दोनशे बारा माणसं हरवली होती.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. रूना उभी होती. हिल्डाच्या हातातली यादी आणि नकाशावरचं बोट बघून तिला सगळं कळलं.

"काल तुझं आतलं काम चालू होतं," रूना हळू म्हणाली. "कोकुम फिलोमेन आली. फिलोमेन देजार्ले, लून पॉइंटची. तिकडे सगळे तिला कोकुमच म्हणतात, आजी. पुतण्याने दारात सोडलं आणि गेला. काखेतून चौकोन काढला तिने, मण्यांचा, सगळा तयार. मला म्हणाली, आमची जागा कुठली? हिल्डा, मी गोधडीकडे बघितलं आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू? तेवढ्यात तू बाहेर आलीस आणि दोनशे माणसांसमोर म्हणालीस, 'आपली एकही वस्ती यातून सुटलेली नाही.' टाळ्या पडल्या. कोकुम दाराशी उभी राहून ऐकत होती. तुला भर सभेत खोटं पाडू? एवढा उन्हाळा तू या गोधडीवर घालवलास." रूनाने डोळे पुसले. "लोक गेल्यावर आम्ही दोघी बसलो. साडेतीन तास काठ उसवला. एकेचाळिसावा चौकोन कुठेच बसेना. कोकुम म्हणाली, माझ्या घरी ने, आमच्या बायका रातोरात बसवतील. आणि सह्या? सह्या तिथेच मिळणार. मी गोधडी गुंडाळली, तिला गाडीत घातलं आणि निघाले. वायरची आठवण तिथे पोचल्यावर झाली. पहाटेपर्यंत इंजिन गारठलं, माझे बूट भिजलेले, तर तिने स्वतःचे दिले. पुतण्याने सहाला मला घरी सोडलं. बारापर्यंत आणतो म्हणालेत. वाटलं होतं, तू यायच्या आत टांगलेली असेल. तुला फक्त सुधारलेली गोधडी दिसेल, चूक दिसणारच नाही."

हिल्डाला आधी राग आला. मैत्रिणीने आपल्याला लहान पोरासारखं सांभाळून घेतलं याचा राग. मग लाज वाटली. आणि मग तिने रूनाला मिठी मारली, कारण दुसरं काही सुचेना.

"बारा वाजून गेलेत," रूना तिच्या खांद्यावर म्हणाली. "अजून आले नाहीत गं."

६

एकला सभागृह गच्च भरलं. आयोगाचे तिघे टेबलामागे बसले. मध्ये अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या मागे रिकामा दांडा. लोकांत कुजबुज चालली होती आणि लायल दाराजवळ उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

वॉल्टर आधी बोलला. ठाशीव बोलला. शेवटी म्हणाला, "हे लोक म्हणतात आम्ही एकमेकांना धरून आहोत. जजसाहेब, यांना आपल्या वस्त्या किती हेसुद्धा ठाऊक नाही. विचारा ड्रीगरबाईंना."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "मिसेस ड्रीगर?"

हिल्डा उठली. हातात सहा पानांचं भाषण होतं. पहिलंच वाक्य होतं, 'आमची एकही वस्ती सुटलेली नाही.' तिने ती पानं खुर्चीवर ठेवली. एबसाठी चढलेला जिना तिच्या डोळ्यांसमोर होता. आपण चूक कबूल केली तर तो जिना कायमचा बंद होईल, आणि नाही केली तर आपण त्या पत्र पाठवणाऱ्या सरकारी कारकुनापेक्षा वेगळ्या राहत नाही, हे तिला उभ्या उभ्या कळलं.

"महापौर बरोबर बोलले," ती म्हणाली.  "लून पॉइंट माझ्याकडून सुटलं. यादी मी केली, टपालाच्या कप्प्यांवरून. माझ्या नवऱ्याला एकदा सरकारने कागदावरून पुसलं होतं, तेव्हा मी आकाशपाताळ एक केलं. आणि मी काय केलं? दोनशे बारा माणसं पुसली. त्यांनी भांडण केलं नाही. त्यांच्यातली एक आजी स्वतःचा चौकोन शिवून, नव्वद किलोमीटर तुडवून इथे आली आणि आमची जागा कुठली एवढंच तिने विचारलं. आमच्यातल्या एकीने तिच्याबरोबर रात्र जागवली. जजसाहेब, धरून असणं म्हणजे कधी न चुकणं, असं तुमच्या कायद्यात लिहिलं असेल तर आम्ही नापास. पण चूक झाली तर माणसं थंडीवाऱ्यात शोधत येतात, याला काही गुण असतील तर तेवढे द्या."

"आले!" दारातून लायल ओरडला. "पाच ट्रक आहेत!"

माणसं आत येतच राहिली. थंडीची वाफ, बुटांची धपधप, मागे पोरंबाळं. गोधडी चौघांनी खांद्यावर आणली होती. रूना आणि बायका धावल्या, बंद बांधले. एकेचाळिसावा चौकोन चाळिसांच्या ओळीत बसलाच नव्हता; तो वरच्या काठावर, उत्तरेला, एकटाच डोकं काढून बसवलेला होता. सगळी मापं बिघडली होती. नकाशावर लून पॉइंट नेमकं तिथेच होतं.

"उशीर झाला," कोकुम फिलोमेन धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांना सही करायची होती. माझ्या भावाला तर दोनदा."

अध्यक्ष हसल्या. "आपल्याला बोलायचंय का, आजी?"

"थोडंच. तुमची नवी रेघ आमच्या तळ्याच्या मधून जाते. मासे ऐकणार नाहीत, पण माणसांना ऐकावं लागेल. माझी बहीण पलीकडच्या काठावर राहते. तिचा खासदार वेगळा, माझा वेगळा, तळं एकच. तळं बिघडलं तर आम्ही कुणाकडे जायचं? दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील." ती हिल्डाकडे वळली. "ही बाई विसरली. पण आता हिला आम्ही माहीत आहोत. शहरातल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत."

अध्यक्षांनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "मी वचन देऊ शकत नाही. पण दुरुस्त यादी मला आज लागेल, प्रत्येक सहीसकट."

हिल्डाने पेन काढलं. बाकांमधून ती एकेकापाशी गेली, वाकली, नाव विचारलं, लिहिलं, आणि बरोबर लिहिलं का ते वाचून दाखवलं. जाताना वॉल्टर तिच्याजवळ थांबला. "मी अजूनही विरोधातच आहे," तो म्हणाला. "पण मला आज तुझं बोलणं ऐकवेना आणि थांबवेना. रस्त्याची भानगड आहे म्हणून, नाहीतर..." वाक्य तसंच सोडून तो गेला.

निकाल मार्चमध्ये आला. आयोगाने लिहिलं होतं, अंतरे आणि परस्परसंबंध पाहता हा मतदारसंघ अपवाद म्हणून अखंड ठेवावा. गावात हॉर्न वाजले, लायलने शहराला नकाराचं पत्र टाकलं, रूना रडली आणि मग दिवसभर हसत राहिली.

हिल्डाने अहवालाची एक प्रत पाकिटात घातली, वर पत्ता लिहिला आणि गाडी काढली. नव्वद किलोमीटर. कोकुमचं घर विचारत विचारत सापडलं. दार उघडल्यावर तिने पाकीट पुढे केलं.

कोकुमने ते हातात धरून पत्ता वाचला, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "राहिलो का आपण?"

"राहिलो. अख्खे राहिलो."

"बरं झालं." म्हातारीने डोळे टिपले आणि दार पूर्ण उघडलं. "मग आता आमचा खासदार इकडे कधी येतोय? अजून एकदाही पाय लागले नाहीत त्याचे."

"मंगळवारी," हिल्डा बूट काढत म्हणाली. "मी सांगितलंय त्याला. आधी लून पॉइंट, आमच्याकडे नंतर ये."